सावली कुठून मोजायची

हुब्बळ्ळी
२८ जानेवारी १९९७

प्रिय फक्कीरा,

यंदा जत्रेला येता येत नाही. वर्कशॉपमध्ये एका गोदामाच्या छपराच्या लोखंडी कैच्यांचं काम घेतलंय, पौर्णिमेच्या आठवड्यातच ते उभं करायचं आहे. कारागिरांवर सोपवून आलो तर परत जाईपर्यंत दोन कैच्या उलट्या बसवलेल्या असतील.

पण तुझ्याकडे एक काम आहे आणि ते जत्रेच्या दिवशीच होणारं आहे. अव्वा जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्या नावानं गावात काहीतरी करावं असं मनात आहे. नळ, बाकडी, शाळेला पंखे हे सगळं सुचवून झालं, बायकोनंच सुचवलं. मला वाटतं, रथाच्या रस्त्याच्या तोंडाशी, जिथं स्टँडच्या आधी बस थांबते तिथं, लोखंडी कमान उभारावी. वर अव्वाचं नाव. पुढच्या वर्षी रथ तिच्याखालून जाईल.

तुला आठवत असेल, अप्पा गेल्यावर भट्टीचा भाता तीच ओढायची. रथाच्या चाकांच्या लोखंडी धावा तापवून बसवायचं काम आमच्या घराकडे, आणि अप्पानंतर सतरा-अठरा वर्षं त्या धावांना ऊब तिच्या हाताची. जत्रेदिवशी मात्र ती मठाच्या भिंतीपाशी लांब उभी असायची. तिथून एक केळं रथावर फेकायची, ते कधीच पोचायचं नाही.

तर रथाची उंची हवी. कळस आणि छत्रीसकट, म्हणजे जत्रेच्या सकाळी असतो तसा. मठात कुणालाच आकडा माहीत नाही. तू गणित शिकवतोस, एवढं कर.

ईरण्णा

---

बसरीगट्टी
२४ फेब्रुवारी १९९७

ईरण्णा, शरणार्थी.

जत्रा निर्विघ्न पार पडली. रथ सूर्य मावळायच्या आत पादगट्टीच्या कट्ट्यापर्यंत जाऊन परत आला. तुझ्या वाटचा नारळ फोडला.

उंचीचं सांगतो. तू म्हणतोस तितकं सोपं नव्हतं. मी टेप घेऊन मठात गेलो तर पंचांतले नागनगौडा कट्ट्यावर बसलेले. म्हणाले, "मास्तर, हे काय? दोरी माणसाला कधी लावतात ठाऊक आहे ना? खड्डा खणायच्या आधी. तीच दोरी देवाच्या रथाला लावणार?" मी टेप खिशात घातला. त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. लहानपणी आजीही आम्हाला दाराच्या चौकटीशी उभं करून उंचीची खूण करू द्यायची नाही.

मग मी स्वामींना विचारलं, सावली मोजली तर चालेल का? स्वामी म्हणाले, "सावली सूर्याची. त्याला विचारा." नागनगौडा हसले आणि विषय मिटला. अटी दोनच: रथाला दोरी टेकवायची नाही, रथाखाली कुणी जायचं नाही.

नववीच्या वर्गाला मी हेच काम दिलं. पाठ चालूच होता, अंदाज आणि आसन्न किमती. पाच गट केले. प्रत्येक गटाकडे एक मीटरची काठी आणि एक सुतळी. काठी उभी रोवायची. तिची सावली बरोबर तिच्याएवढी झाली की त्या क्षणी रथाची सावली रथाएवढी. सव्वादहाच्या सुमाराला तो क्षण येतो. मुलं काठ्यांपाशी अशी बसली होती, जणू दूध उतू जाणार आहे.

चार गटांचे आकडे असे आले: ११.८, १२, १२.१, १२.२ मीटर. पाचव्या गटाचा १४.८. त्या गटातल्या पोरांच्या हाताला मिरची-भज्यांचं तेल होतं, मी काय ते समजलो आणि तो आकडा सोडून दिला. बाकी चौघांची सरासरी बारा.

दुसऱ्या दिवशी वर्गात फूट काढायला सांगितलं. सिद्दू म्हणाला, "सर, मीटर म्हणजे तीन फूट आणि थोडं. बारा त्रिक छत्तीस." मी म्हटलं, आणि थोडं? "थोडं सोडायचं, सर." मग फळ्यावर ते थोडं बारा वेळा लिहून बेरीज केली. सव्वातीन फुटांच्या वर गेली. सिद्दू म्हणाला, "थोडं बारा जणांकडून घेतलं की पोतं भरतं की!" वर्ग हसला, पण पाठ तिथंच शिकवून झाला.

तर उत्तर: साधारण साडेएकोणचाळीस फूट, दोन फूट इकडे-तिकडे. हे 'इकडे-तिकडे' आकड्याचाच भाग आहे, त्याला गाळू नकोस. आणि कमानीला जवळचा आकडा घ्यायचा नसतो, वरचा घ्यायचा असतो.

तुझा,
फकीरप्पा

---

हुब्बळ्ळी
९ मार्च १९९७

फक्कीरा,

आकडा मिळाला. सावलीवर सोवळं नसतं हे मला माहीत नव्हतं, नाहीतर लहानपणी स्वयंपाकघरात सावली पाठवून गूळ आणला असता.

आता माझा हिशोब ऐक. पाइप बाजारात वीस फुटांचा येतो. दोन जोडले की चाळीस. न कापता, न वाया घालवता. तुझं साडेएकोणचाळीस त्याच्या आत बसतं. "इकडे" धरलं तर साडेसदतीसच, म्हणजे भरपूर जागा.

पंचांची परवानगी तेवढी काढ. नाव असं लिहायचं: श्रीमती गंगव्वा कम्मार यांच्या स्मरणार्थ. अक्षरं पितळेची, मी स्वतः कापणार.

ईरण्णा

---

बसरीगट्टी
२ एप्रिल १९९७

ईरण्णा, शरणार्थी.

तू "इकडे" घेतलंस आणि "तिकडे" माझ्याकडे ठेवून दिलंस. तिकडे म्हणजे साडेएकेचाळीस. चाळीस फुटांत ते बसत नाही. सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला मुलांना विचारलं. म्हटलं, एका खोलीत बारा पूर्णांक तीन फरश्या लागतात, किती आणाल? सगळे म्हणाले, तेरा. बारा का नाही? आसन्न किंमत तर बारा येते. तर निंगव्वा म्हणाली, "सर, पुस्तकाला फरशी बसवायची नसते." तू तर लोखंडातला माणूस आहेस.

पंचांपुढं विषय ठेवला. कमानीला हरकत नाही. जागा रस्त्याच्या तोंडाची, तू म्हणतोस तीच.

ऊन फार आहे. विहिरीचं पाणी खाली गेलंय. सगळे बरे आहेत.

फकीरप्पा

---

हुब्बळ्ळी
१९ ऑक्टोबर १९९७

फक्कीरा,

दसऱ्याच्या सुट्टीत चार माणसं घेऊन आलो होतो, तू नेमका सासुरवाडीला. खांब उभे केले. तुझं "तिकडे" डोक्यात बसलं होतं, म्हणून खाली दोन फुटांचा काँक्रीटचा चौथरा बांधला आणि त्यावर चाळीस फुटी खांब. तुळईची खालची कड बेचाळीस फुटांवर येईल. आता तुझे "इकडे" आणि "तिकडे" दोघंही आत आले, वर अर्धा फूट देवाला.

तुळई इथं तयार होतेय. अक्षरं कापून झाली. 'गंगव्वा'मधला जोडाक्षराचा 'व्वा' तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. जानेवारीत क्रेन घेऊन येतो आणि वर चढवतो.

या जत्रेला मी रस्सी ओढायला येणार. पक्कं.

ईरण्णा

---

बसरीगट्टी
२३ नोव्हेंबर १९९७

ईरण्णा, शरणार्थी.

हे पत्र बसून नीट वाच. तुळई वर चढवू नकोस.

परवा या वर्षीच्या नववीला तोच पाठ होता. रथ नाही, म्हणून शाळेचा झेंड्याचा खांब घेतला. तो सहा मीटरचा आहे, बुंध्याशी तसं रंगवलेलंच आहे, त्यामुळं उत्तर तपासता येईल असं मनात होतं. मुलांनी काठ्या रोवल्या, सावल्या मोजल्या. सगळ्या गटांचं उत्तर पाच पूर्णांक दोनच्या आसपास. एकसारखं. मी म्हणालो, पुन्हा मोजा. पुन्हा पाच पूर्णांक दोन.

खांबाभोवती चौकोनी कट्टा आहे, तुला माहीत आहे. मुलं दोरी कट्ट्याच्या कडेला धरत होती. खांब कट्ट्याच्या मध्यभागी. कडेपासून मध्यापर्यंत ऐंशी सेंटिमीटर. सावली टोकाची असते, आणि टोक ज्या जागेच्या बरोबर वर असतं तिथून ती मोजायची असते. कडेपासून नाही.

मी तिथंच कट्ट्यावर बसलो. रथाखाली जायचं नव्हतं, म्हणून आम्ही चाकापासून मोजलं होतं. कळस चाकाच्या वर नसतो, रथाच्या मध्यावर असतो.

त्या पाचव्या गटातली हनुमव्वा आता दहावीत आहे. तिला बोलावून विचारलं, तुम्ही दोरी कुठं धरली होती? घाबरली. म्हणाली, "अलीकडच्या चाकापाशी भज्यांच्या गाड्यांची रांग होती, सर. म्हणून पलीकडच्या चाकापासून धरली, रथाच्या पुढून." म्हणजे चार गटांनी अलीकडच्या चाकापासून मोजलं, त्यांचे बारा. तिनं पलीकडच्या चाकापासून, तिचे चौदा पूर्णांक आठ. चौघे जितके कमी, तितकी ती जास्त. खरी उंची दोघांच्या मधोमध: तेरा पूर्णांक चार. चव्वेचाळीस फूट.

तुझी तुळई बेचाळीसवर आहे.

मला फसवलं ते त्या चार आकड्यांच्या एकमतानं. एकाच जागी उभं राहून चौघांनी एकच चूक केली, आणि मी तिला खात्री समजलो. सरासरी काढून ती गेली नसती. सगळे एकाच बाजूला चुकले होते. मी "दोन फूट इकडे-तिकडे" लिहिलं ते मुलांच्या हाताच्या थरथरीसाठी. माझ्या चुकीसाठी काहीच जागा ठेवली नव्हती.

रथ कमानीखाली अडला तर काय होईल ते तुला सांगायला नको. हजारो माणसं रस्सीला, आणि वर अव्वाचं नाव.

फकीरप्पा

---

हुब्बळ्ळी
३० नोव्हेंबर १९९७

फकीरप्पा मास्तर,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

गेल्या आठवड्यात आपल्या गावचा शिवराम टेलर इथं दुर्गद बैलच्या बाजारात भेटला. अस्तर घ्यायला आला होता. चहा पिताना सहज म्हणाला, "कमान झाली म्हणे. पण नागनगौडांनी तेव्हा विचारलं होतं ना, देवानं बाईच्या नावाखालून जायचं का म्हणून?" मी विचारलं, कधी? म्हणाला, पंचांच्या बैठकीत, मार्चच्या शेवटी. मास्तर होते की तिथं.

तुमच्या एप्रिलच्या पत्रात फरश्या आहेत, ऊन आहे, विहीर आहे. हे नाही.

आणि आता तुळई तयार झाल्यावर, अक्षरं बसवल्यावर, अचानक रथ चार-साडेचार फुटांनी वाढला. सरळ सांगायचं होतं की पंचांना नको आहे. त्यासाठी एवढं गणित कशाला? मी सातवीपर्यंत शिकलोय, पण एवढं कळतं.

क्रेन जानेवारीच्या दहा तारखेला ठरली आहे.

ईरण्णा कम्मार

---

बसरीगट्टी
५ डिसेंबर १९९७

ईरण्णा,

शिवरामनं सांगितलं ते खरं आहे. नागनगौडा तसंच म्हणाले. मी म्हणालो, देव आईच्या नावाखालून गेला तर लहान होत नाही. स्वामींनी मानेनं होकार दिला. कमानीला परवानगी मिळाली, म्हणून बाकीचं लिहिलं नाही. तुला लागेल असं वाटलं. तेही मी 'थोडं' सोडूनच कळवलं म्हण. लिहायला हवं होतं.

पण रथाची उंची नागनगौडांच्या मनावर नाही, आणि माझ्याही नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः कर. वर्कशॉपमधलं एखादं तेलाचं पिंप घे. त्याच्या झाकणाच्या बरोबर मध्यावर एक सळई उभी कर. पिंप आणि सळई मिळून उंची टेपनं मोज. मग सकाळी काठीची सावली काठीएवढी होईल तेव्हा पिंपाच्या कडेपासून सळईच्या सावलीच्या टोकापर्यंत मोज. काय येतं ते बघ.

मी रोज संध्याकाळी मठात दिवा लावायला जातो तेव्हा एवढंच मागतो की तू हे करून बघावंस.

फकीरप्पा

---

हुब्बळ्ळी
२२ डिसेंबर १९९७

फक्कीरा,

तुझं पत्र आठ दिवस खिळ्याला लटकवून ठेवलं होतं. काल रविवार, वर्कशॉप बंद. पिंप उन्हात आणलं, वर सळई वेल्ड केली. टेपनं उंची सात फूट चार इंच. काठीची सावली काठीएवढी झाली तेव्हा पिंपाच्या कडेपासून मोजलं: सहा फूट पाच. पलीकडच्या कडेपासून मोजलं: आठ फूट तीन. पिंपाची रुंदी बावीस इंच. सगळं तू म्हणतोस तसं.

शेजारचा अन्वर गॅरेजवाला बघत होता. म्हणाला, "ईरण्णा, रविवारी पिंपाची पत्रिका काढतोस काय?" त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे चारजण बरोबर आणि एकजण चूक असं नव्हतंच. पाचही चूक." मी म्हटलं, सहावा मास्तर. तो म्हणाला, "आणि सातवा तू, दोन पाइपचे चाळीस."

आता काय करायचं ते. खांबांवर आणखी दोन-चार फूट जोडता येईल असं कुणीही सांगेल, पण मी करणार नाही. सहा इंची पाइप, चाळीस फूट उंच, वर पंचवीस फुटांची तुळई. आधीच वाऱ्याचा विचार करून मोजूनमापून घेतलंय. आणखी उंच केलं तर श्रावणातल्या वाऱ्यात डोलेल. रथ अडला नाही आणि कमान पडली, तर ते जास्त वाईट.

म्हणून तुळई इथंच राहील. खांब तसेच राहू देत, उपटायला वेळ नाही. रंग मारून टाका. क्रेनवाल्याला नाही म्हणून कळवलं. अक्षरं काढून कपाटात ठेवली आहेत.

गावाला काय सांगायचं ते तू बघ. एवढंच सांगतो, अव्वाच्या नावावर काही येऊ देऊ नकोस. नागनगौडा म्हणेल की देवालाच नको होतं. ते मला ऐकायचं नाही, म्हणून जत्रेलाही येत नाही.

त्या पत्रात तुला 'तुम्ही' म्हणालो. ते काढून टाक.

ईरण्णा

---

बसरीगट्टी
१४ फेब्रुवारी १९९८

ईरण्णा, शरणार्थी.

तू म्हणाला होतास तसंच झालं. संक्रांतीनंतरच्या बैठकीत विषय निघाला. नुसते दोन खांब उभे, वर काही नाही. नागनगौडा म्हणाले, "बघा, मी म्हणालो होतो. देवाच्या मनात नव्हतं."

मी उभा राहिलो. मला गर्दीपुढं बोलायची सवय वर्गापुरतीच आहे. म्हटलं, "गौडा, देवाला यात घेऊ नका. उंची मी चुकीची मोजली. ईरण्णानं मी सांगितलेल्या मापानं खांब उभे केले आणि चूक कळल्यावर तयार तुळई स्वतःहून थांबवली. त्यानं थांबवली नसती तर रथ तिथंच अडकला असता." कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे मास्तर गणितात नापास?" मी म्हटलं, हो, यंदा नापास. सगळे हसले. मग मी खडूनं मठाच्या फरशीवर रथ, चाक, कळस आणि सावली काढून दाखवली. स्वामी उठून येऊन बघून गेले. गौडांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग शाळेतल्या पोरांना हे बरोबर शिकवताय ना आता?" म्हटलं, हो. "मग झालं," म्हणाले. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

जत्रेच्या सकाळी नववीनं पुन्हा मोजलं. या वेळी प्रत्येक गटानं दोन्ही चाकांपासून मोजलं आणि मधोमध घेतलं. तेरा पूर्णांक तीन ते तेरा पूर्णांक पाच. मी मुलांना शेवटचं वाक्य लिहायला लावलं: उंची तेरा पूर्णांक चार मीटर, वीस सेंटिमीटर इकडे-तिकडे, आणि आमच्या लक्षात न आलेली एखादी चूक. पुस्तकात ते शेवटचं नसतं. पेपरात लिहू नका असंही सांगितलं, मार्क जातील.

साडेचारला रथ निघाला. चाकांना नव्या धावा होत्या, तुझ्या चुलतभावानं बसवल्या. रथ रस्त्याच्या तोंडाशी आला, खांबांच्या मधून गेला. दोन्ही बाजूंना चार-चार हात जागा राहिली. वर आभाळ मोकळं. पोरं खांबांच्या चौथऱ्यांवर चढली होती, तिथून केळी-खारका फेकत होती. यंदा बायकाही चौथऱ्यांवर उभ्या होत्या. तिथून कळस जवळ पडतो. बऱ्याच जणींची केळी पोचली.

तू यायला हवं होतंस.

फकीरप्पा

---

हुब्बळ्ळी
२ मे १९९८

फक्कीरा,

परवा गावी येऊन गेलो. तू दहावीचे पेपर तपासायला धारवाडला गेला होतास, घराला कुलूप होतं. वहिनींच्या माहेरी पोरं चैन करत असतील.

आलो होतो ते मापं घ्यायला. विचार होता, दहा इंची पाइप घ्यावे, पाया पुन्हा खणावा, पन्नास फुटांवर तुळई चढवावी आणि कपाटातली अक्षरं एकदाची वर लावावी. टेप घेतला होता, ओळंबा घेतला होता, वहीत आकृती काढून आणली होती. या वेळी तुझी वाट बघणार नव्हतो, सगळं माझ्या हातानं मोजणार होतो.

गदगच्या स्टँडवर बस मिळाली. भरलेली होती, मागच्या दाराशी उभा राहिलो. कंडक्टर नवा पोरगा, आपल्या भागातला नसावा. मी म्हटलं, एक बसरीगट्टी.

तो म्हणाला, "स्टँडला की गंगव्वाच्या खांबांना?"

मला आधी नीट समजलंच नाही. मी विचारलं, "कोण गंगव्वा?"

"मला काय ठाऊक," तो म्हणाला. "तिथं सगळे तसंच म्हणतात. लवकर बोला, मागं लोक आहेत."

मी खांबांचं घेतलं.

ईरण्णा